उजवा कौल

॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी १९८६

ती. लवूदादास,
नलूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. सुगंधावहिनीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, आणि डॉक्टरकडे जायचं सोडून तिने निर्गुडीचा पाला बांधला हे वाचून हसूही आलं. आमच्याकडे सगळं उलट आहे. इथे सध्या डॉक्टरांशिवाय दुसरं काही नाही. म्हणून आज कार्डाऐवजी पाकीट घेतलंय. बसून वाच.

दिवाळीपासून माझं ओटीपोट दुखत होतं. दिवसभर वर्गात उभी असते म्हणून असेल, असं मी धरून चालले. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासलं. गर्भाशयात गाठ आहे, वाईट जातीची आहे, आणि आता ती तिथेच थांबलेली नाही. डॉक्टर अगदी पोरगेला होता. ह्यांना बाहेर बोलावून हळूच सांगायच्या बेतात होता. मी म्हटलं, प्रगतिपुस्तक ज्याचं त्याच्या हातात द्यायचं असतं, मी बाईच आहे शाळेतली. मग बिचाऱ्याने खाली बघत सगळं सांगितलं. बरी होण्यातली मी नाही. ती किरणांची लाईट घेतली, इंजेक्शनं घेतली, तर कदाचित थोडे महिने जास्त मिळतील, पण ते हॉस्पिटलच्या बाकावर आणि ओकाऱ्यांत जातील. काहीच घेतलं नाही तर दिवस कमी, पण त्यातले बरेचसे हिंडते-फिरते. गावी जायचं असेल तर आत्ता जा, पुढे प्रवास झेपणार नाही, हेही त्यानेच सांगितलं.

दादा, मला घरी यायचंय. लग्न होऊन मुंबईत आले त्याला जन्म लोटला, तरी घर म्हटलं की डोळ्यांपुढे आपली पडवीच येते. भिंतीलगतच्या त्या बाकड्यावर पडायचं, समोरच्या खळ्यातल्या फणसाकडे बघायचं, वहिनीने पेज दिली तर प्यायची, नाही गेली तर बाजूला ठेवायची. एवढंच हवंय मला.

ह्यांना ते मान्य नाही. तुझे मेहुणे कधी आवाज चढवत नाहीत, पण यावेळी चढवला. औषध सोडून बायकोला गावी नेऊन टाकली असं त्यांच्या भांडुपच्या कारखान्यात लोक म्हणतील, असं म्हणाले आणि नंतर रडले. जया वडिलांच्या बाजूची. तिला आई हवी आहे, कुठल्याही अवस्थेतली. तिचंही काय चुकलं? रोज वाद घालून तिघंही दमलो. शेवटी ठरवलं की आपल्या पावणाईला कौल लावायचा. उजवा पडला तर उपचार, डावा पडला तर गाव. कौल कुंडलिक घाडीच लावेल, त्याला हेच शब्द सांग, त्यात घोटाळा नको. जे येईल ते मी मुकाट्याने घेईन. ह्यांनीही देवीच्या तसबिरीवर हात ठेवून तसा शब्द दिलाय.

उत्तर लगेच पाठव. सोबत तिळगुळाची पुडी आहे, पोस्टाने तिची पूड केली नसेल अशी आशा. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच राहू दे, आजारी म्हणून वाढवू नकोस.

तुझी,
नलू

*

श्री

तळेवाडी, ता. कणकवली,
२१ जानेवारी १९८६

चि. सौ. नलिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. सुगंधाला सांगणार नव्हतो, पण माझं तोंड बघून तिने ते हातातून काढून घेतलं. त्या दिवशी चूल पेटली नाही आमच्याकडे.

काल सोमवारी सकाळी देवळात गेलो. कुंडलिकाने आंघोळ करून ओलेत्याने पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. त्याचं तुला ठाऊकच आहे. आजूबाजूच्या साऱ्या गावांच्या देवांना हाका मारून झाल्याशिवाय तो मुद्द्यावर येत नाही. मागे व्हय म्हाराजा म्हणायला आम्ही चार माणसं होतो. तू लिहिलंस तेच शब्द मी त्याला सांगितले होते.

पाकळी उजव्या बाजूची पडली, कौल उजवा. तेव्हा आता मनात काही ठेवू नकोस. डॉक्टर म्हणतील ते सगळं घे. गाव कुठे पळून जात नाही आणि फणसही कुठे जात नाही. बरी हो आणि आपल्या पायांनी ये.

नलू, इथे येऊन तू काय करणार होतीस? गिरणीचा संप झाला आणि मी परत आलो, तेव्हा मलाही वाटलं होतं की गाव म्हणजे स्वर्ग. इथे साधा ताप आला तर कणकवली गाठावी लागते. बाबा त्याच पडवीत, त्याच बाकड्यावर गेले. तू तेव्हा लहान होतीस, तुला आत पाठवलं होतं. मी पायाशी होतो. त्यांना द्यायला आपल्याकडे तुळशीच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. तुझ्याजवळ मुंबईचे डॉक्टर आहेत. त्यांना सोडू नकोस.

कुंडलिक अंगारा पाठवणार होता, पण पोस्टात सांडेल म्हणून मीच नको म्हटलं. देवीचं नाव घेत राहा. चंद्रप्रकाशरावांना नमस्कार, जयाला आशीर्वाद. पत्र पाठवत जा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

तुझा,
दादा

*

॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

मुलुंड,
६ एप्रिल १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लाईट म्हणजे नक्की काय करतात, असं वहिनीने विचारलंय. तिला सांग, काहीच करत नाहीत. एका थंड टेबलावर झोपवतात, सगळे बाहेर पळतात आणि दार लावतात. वर एक भलंमोठं यंत्र घुंई करतं. दुखत नाही, खुपत नाही. मला वाटलं, एवढंच होय! वाट लागते ती नंतर. पोटाची कातडी तव्यावर राहिलेल्या पोळीसारखी काळी पडली आहे. खाल्लेलं वरून नाहीतर खालून निघून जातं. तुझे मेहुणे वरण-भात शिकले. मीठ कधी विसरतात, कधी दोनदा घालतात, आणि मी ओकले की त्यांना वाटतं मिठामुळेच.

बाकावर नंबर येईपर्यंत बसावं लागतं तेव्हा मी मनात उजवा, उजवा म्हणत राहते. खरं सांगते दादा, कौल नसता तर पहिल्याच आठवड्यात पळून आले असते. पण जिने जन्मापासून पाहिलं तिनेच सांगितलंय म्हटल्यावर काही अर्थ असेलच ना? त्या एका गोष्टीवर चालू आहे माझं.

गंमत ऐक. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा लताताई घरी आल्या होत्या. आजारपणाने मला काय शिकवलं, यावर मी वार्षिक अंकात लेख लिहावा असं त्यांचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांना धडे दिले, आता स्वतः घेतलेले धडे लिहा, म्हणाल्या. मी म्हटलं, शिकले ते एवढंच की नव्या साडीवर कधी ओकू नये. त्या हसल्या नाहीत. त्यांना प्रेरणादायी हवंय. आता प्रेरणा कुठून आणू? पण लिहीन. नाहीतरी पडून पडून कंटाळा येतो.

तळमजल्यावर सोनूबाई रणपिसे म्हणून राहतात, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर आहेत. फलटणकडच्या. नवरा नाही, मुलगा दिल्लीला. फार रोखठोक बाई. लोक मला भेटायला येतात आणि आता बरं वाटतंय ना, असं विचारतात. ही येते आणि विचारते, आज किती वेळा? मला तीच आवडते.

आंबे यंदा कसे आहेत ते कळव. नुसतं कळवलंस तरी चालेल. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नलू

*

श्री

तळेवाडी,
४ मे १९८६

चि. सौ. नलूस,
अनेक आशीर्वाद.

एसटीच्या ड्रायव्हरकडे आंब्यांची पेटी दिली आहे. जयाला स्टँडवर पाठव. दोन आंबे पिकलेले वर ठेवलेत, त्यांचा नुसता वास घेतलास तरी चालेल.

तुझं पत्र आल्यापासून जिवाला चैन नाही. एवढे हाल होतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, शहरात आता औषधं निघालीत, माणूस चार महिन्यांत उठून बसतं. नलू, थोडे दिवस ते सगळं थांबवून येशील का? शाळेला सुट्टी आहे, जयाचं कॉलेजही बंद असेल. मी स्वतः न्यायला येतो. पडवी सारवून घेतली आहे, बाकड्याचा मोडका पाय बसवून घेतला आहे.

कौल काही जन्माचा नसतो. हवं तर पुन्हा विचारू. तू फक्त हो म्हण. सुगंधाही वाट बघते आहे. आठवण आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा

*

॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

मुलुंड,
२० जुलै १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. आंबे पोचले होते. एक फोड खाल्ली, ती टिकली, त्या आनंदात जया रडली. तू ये म्हणालास तेव्हा लाईट अर्ध्यावर होती, अर्धवट सोडली तर आधीची घेतलेलीही वाया जाते असं डॉक्टर म्हणाले. आणि कौल पुन्हा विचारू म्हणतोस, ते मला रुचलं नाही. एकदा विचारलं की विचारलं. पोरखेळ आहे का तो?

आता बातमी. उपयोग झाला नाही. गाठ यकृतापर्यंत गेली आहे. त्या पोरगेल्या डॉक्टरला सांगताना माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला, मीच त्याला पाणी दिलं. गावी जाऊ का विचारलं. एसटीत रात्रभर बसणं आता होणार नाही, रस्त्यात काही झालं तर कोण बघणार, म्हणाला. तरीही गणपतीपर्यंत बळ आलं तर टॅक्सी करून येईन, असं मी स्वतःलाच सांगते आहे. मिठागरांकडची खिडकी आहे ना, तिथे माझी खाट लावली आहे. बाहेर नुसतं पांढुरकं पाणी. फणस नाही की काही नाही.

लेख छापून आला. हळदीकुंकवाच्या वेळी हॉलमध्ये वाचला, बायका रडल्या, टाळ्या पडल्या. लताताईंनी मला खुर्चीवर बसवून नेलं होतं, शाल दिली. त्यात मी लिहिलंय की देवीचा उजवा कौल मिळाला आणि त्या क्षणापासून मी घाबरायची थांबले. ज्याच्या पाठीशी असा शब्द आहे त्याने दुखण्याला पाठ दाखवू नये. छान लिहिलंय, माझं मलाच वाचून बरं वाटलं. एक अंक तुला आणि एक कुंडलिक घाडीला वेगळा पाठवलाय, पावणाईपुढे ठेव म्हणून. धीर दिला तो तिनेच, मग पहिला मान तिचा.

एक मात्र झालं. सोनूबाईंना छातीत गाठ निघाली. उशिरा दाखवलं, त्यांचंही माझ्यासारखंच, बरं होण्यातलं नाही. त्यांना सगळं सोडून फलटणला बहिणीकडे जायचं होतं. लेख ऐकून त्या वर आल्या. तुमच्या देवीबिवीवर माझा विश्वास नाही, म्हणाल्या, पण तुम्ही सोसलंत तर मीही सोसते. पुढच्या महिन्यात त्यांची इंजेक्शनं सुरू होतील. मी त्यांना शाबासकी दिली.

फार लिहिलं. पडून लिहिलंय, अक्षराला हसू नकोस. दूर असलास तरी मनाने इथेच राहा.

तुझी,
नलू

*

श्री पावणाई प्रसन्न

तळेवाडी,
४ ऑगस्ट १९८६

चि. नलिनी बाय हिस, कुंडलिक घाडीचा आशीर्वाद.

तू पाठवलेलो अंक पोचलो. नातीन वाचून दाखवल्यान. देवीम्होरे ठेव म्हणान तू लिवलंस, पण मी ठेवूक नाय. त्यात देवीच्या नावार खोटा छापला हा.

पाकळ्यो मी लावलेलंय. कौल डावो पडलो. लवू म्हणालो परत इचार, म्हणान परत इचारलंय, तरी डावोच. देवीन तुका घराक बोलावल्यान. लवू खांबाक धरून बसलो होतो. माका वाटला तो तुका तसाच कळवतलो. मगे तू इलंस नाय, तेव्हा मी लवूक इचारलंय. तो म्हणालो, तिचो घोव तिका पाठवीत नाय. मी गप रवलंय.

माणसान माणसाक खोटा सांगूचा, ता जगात चलता. देवीच्या तोंडात खोटा घालूचा नाय. म्हणान लिवतंय. तुका वायट वाटतला, पण माझो इलाज नाय. जीव सांभाळ बाय. आमची सगळ्यांची याद ठेव.

कुंडलिक घाडी

*

मुलुंड,
११ ऑगस्ट १९८६

दादा,

नमस्कार लिहायला घेतला होता, खोडला. कुंडलिकचं पत्र आलं. तू काय केलंस ते कळलं.

दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. ह्यांना वाटलं दुखणं वाढलं. मी मनात हिशेब मांडत होते की जानेवारीत मी आले असते तर काय काय झालं असतं. शिमगा बघितला असता. काजू भाजल्याचा वास आला असता. वहिनीशी भांडले असते. एप्रिलपर्यंत तरी अंगणात फिरले असते, डॉक्टर तसंच म्हणाला होता. त्याऐवजी मी काय घेतलं ते तुला मी स्वतःच लिहून कळवत होते, आणि तू वाचत होतास. मे महिन्यात तुला माझे हाल कळले होते ना? तेव्हा तरी सांगायचंस. न्यायला येतो म्हणालास, पण का ते सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी लाईट तिथेच टाकून उठले असते.

मला माहेरी बोलावणं आलं होतं दादा. देवीने बोलावलं होतं, आणि तू दारात उभा राहून मला परत पाठवलंस. इतकी वर्षं तुला भाऊबीजेला ओवाळलं ते याच्यासाठी का?

तू मी मरू नये म्हणून केलंस हे मला कळतं. बाबांचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, मीच नीट वाचलं नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. पण तुला क्षमा केली असं लिहायला गेले तर हात उचलत नाही. खोटं लिहिलं की त्याचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय, म्हणून लिहीत नाही.

सोनूबाईंना वर बोलावून सांगितलं. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. त्यांनी देवीबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं की परत करायचं झालं तर कराल का? मी नाही म्हटलं. त्या चहा संपेपर्यंत बसल्या, कप विसळून ठेवला आणि गेल्या. कालच्या गाडीने फलटणला गेल्या. जाताना खालून त्यांनी हात हलवला, मी खिडकीतून. त्या घरी जातायत याचा आनंद झाला म्हणायचं होतं, पण मला हेवा वाटला.

लताताईंना निरोप धाडला की लेख चुकीचा आहे, पुढच्या पत्रकात तसं छापा. त्या धावत आल्या. असं छापलं तर आजारी बायकांचा धीर खचेल, म्हणाल्या. खरं-खोटं कोण बघतंय, भावना महत्त्वाची. शाळेत पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. आता भांडायची ताकद नाही. अंक घरोघर गेलाय आणि माझ्या नावाने धडे देत बसलाय.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. ते रोज तसबिरीपुढे उदबत्ती लावतात. त्यांना तरी लावू दे. जयाला सांगितलंय, कारण हे पत्र पेटीत तीच टाकणार.

गणपतीला मी येत नाही. आता कधीच येत नाही. एक काम कर. देवळात जा आणि माझ्या वतीने गाऱ्हाणं घाल. देवीला सांग की नलूने तुझा शब्द मोडला नाही. तिला तुझा निरोप पोचलाच नव्हता. ती माझी वाट बघून रागावली असेल, तिला एवढं कळू दे. मग ये. वहिनीला नमस्कार, तिचा यात काही दोष नाही.

नलू

*

श्री

तळेवाडी,
३० ऑगस्ट १९८६

चि. नलूस,
आशीर्वाद लिहायचा मला अधिकार उरला नाही, तरी लिहितो.

तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पाकळी डाव्या बाजूने घरंगळली तेव्हा मला बाबांचा घसा ऐकू आला. शेवटी शेवटी ते जसे घरघरत होते तसा. मला वाटलं, तू इथे येणार आणि मी पुन्हा पायाशी बसणार. ते मला नको होतं. तुला काय हवंय याचा मी विचारच केला नाही. मी भित्रा आहे नलू, आणि तुझ्या जिवावर भ्यालो.

काल देवळात गेलो. कुंडलिक माझ्या वतीने गाऱ्हाणं घालायला तयार झाला नाही. ज्याने शब्द फिरवला त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावं, म्हणाला. मग मीच उभा राहिलो. मला कुठे त्याच्यासारखं येतं? देवांची नावंसुद्धा धड आठवेनात. तू सांगितलंस तेच म्हटलं. नलूने शब्द मोडला नाही, तिला निरोप पोचलाच नव्हता, तो मी अडवला, राग धरायचा तर माझ्यावर धर. मला वाटलं मागून कुणी काही म्हणणार नाही. गणपतीसाठी मुंबईहून आलेले बरेच चाकरमानी देवळात होते, साऱ्यांनी ऐकलं. सगळ्यांच्या आधी कुंडलिक व्हय म्हाराजा म्हणाला, मग बाकीचे.

पुन्हा पाकळ्या लावू का, असं त्याने नंतर विचारलं. मी नको म्हटलं. आता विचारण्यासारखं काही राहिलेलं नाही.

यंदाचा आपला गणपती शेजारचे अण्णा बसवतील. मी निघतो. सारी मुंबई इकडे येते आहे, तिकडे जाणाऱ्या गाडीत जागाच जागा आहे. रागावलेली असलीस तरी चालेल. माझ्यासाठी नको, पण थोडी थांब.

तुझा,
दादा

*

मुलुंड,
१५ सप्टेंबर १९८६

ती. सुगंधामामीस,
जयाचा सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. मामांना लिहिणं जमत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मामा आले तेव्हा आई शुद्धीवर होती. त्यांना बघून तिने आधी तोंड फिरवलं. मामा खाटेच्या पायाशी बसून राहिले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनेच त्यांना जवळ बोलावलं आणि देवळात काय म्हणालात ते म्हणून दाखवा, असं सांगितलं. मामा हात जोडून उभे राहिले आणि सगळं म्हणाले. बाबा तिथेच होते, त्यांना तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मामांचं बोलणं संपलं. आई बाबांकडे बघत राहिली. मग बाबा व्हय म्हाराजा म्हणाले. थोड्या वेळाने ते उठले आणि मामांसाठी चहा टाकला. त्यानंतर कौलाबद्दल घरात कुणी बोललं नाही.

आईने मामांना माफ केलं का ते मला माहीत नाही. मामांनी मला दोनदा विचारलं. मी काय सांगणार? शेवटचे दिवस ती त्यांच्याशी मालवणीतच बोलत होती, आमच्याशी कधी बोलायची नाही तशी. पडवी सारवली का, बाकड्याचा पाय कुणी बसवला, असलंच काहीतरी. गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी ती गेली. फार हाल झाले मामी. माझ्या हट्टापायी तिने ते महिने घेतले, आणि त्यातला एकही दिवस तिला सुखाचा गेला नाही. मला आई हवी होती. मला मिळाली ती सगळी दुखत होती.

काल लताताई आल्या होत्या. आईचा लेख दिवाळीत फोटोसह पुन्हा छापायचा म्हणतात. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, पण त्या छापतीलच. सोनूबाई मावशींचं कार्ड आलंय, आईच्या नावावर. पोचल्या, बहिणीकडे आहेत, सकाळी उन्हात बसतात, तुम्ही कशा आहात? त्यांना मी उत्तर लिहीन.

मामा येत्या शनिवारच्या गाडीने आईच्या अस्थी घेऊन निघतायत. सुतकाचं आणि नदीवर न्यायचं काय ते कुंडलिककाका बघतील. अस्थी घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात, असं मामांनी मला सांगितलं, आणि सांगताना ते खूप रडले. म्हणजे एवढं सगळं होऊनही आईला पडवीत येता येणार नाही. मामी, रीत मोडा असं मी म्हणत नाही. फक्त एवढं करा. गाठोडं खळ्यातल्या फणसालाच बांधा, आणि घराच्या बाजूची, खालची फांदी बघा. तिथून बाकडं दिसतं, असं आईने मला सांगितलं होतं.

तुमचा जीव आमच्यावर असू द्या.

तुमची,
जया